दुकानाचा नंबर

लाँड्रीवाल्यांना कुठेही नंबर विचारा, दवाखान्यात विचारा नाहीतर बँकेत, ते दुकानाचाच नंबर देणार. स्वतःचा मोबाइल खिशात वाजत असला तरी तोंडातून निघणार तो दुकानाचाच. सवय, दुसरं काय! त्यामुळे ऑनलाइन समुपदेशनाच्या अर्जात 'अडचणीच्या वेळी कुणाला फोन करावा?' असा रकाना आला, तेव्हा लाँड्रीच्या सुनेने विचारबिचार न करता दुकानाचा नंबर ठोकून दिला. ज्या माणसाला या प्रकरणाचा सुगावा लागू द्यायचा नव्हता, ते माणूस दिवसभर त्याच फोनला चिकटून बसलेलं असतं, हे तिच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

ते माणूस म्हणजे तिची सासू. तीस वर्षं काउंटरमागच्या एकाच स्टुलावर बसलेली. गिऱ्हाइकांनी तिचं नाव पावतीबाई ठेवलं होतं, कारण पावती दाखवल्याशिवाय ती सख्ख्या भावालाही त्याचा कोट द्यायची नाही. बोलणं मोजून तीन वाक्यांचं. पावती दाखवा, गुरुवारी या, हा डाग जाणार नाही.

सून वरच्या खोलीत इस्त्री करायची. नवरा हॉटेलांच्या चादरी व्हॅनमध्ये भरून सकाळी निघायचा तो संध्याकाळीच उगवायचा. आणि कपड्यांच्या मोठ्या टोपलीत गादी घालून निजवलेली असायची त्यांची चार महिन्यांची लेक, चिमटी. पोर गोड होती, प्रश्नच नाही. पण रडायला लागली की तास तास थांबायची नाही, आणि सुनेला वाटायचं, हे आपल्यामुळेच. घेतलं तरी रडते, ठेवलं तरी रडते, म्हणजे आपलाच हात वाईट. बाळाला बघून लोकांना प्रेमाचं भरतं येतं म्हणे. हिला नुसती धास्ती वाटायची. आणि हे सांगणार कुणाला?

शेवटी मोबाइलवर शोधून तिने एक मॅडम गाठल्या. दर गुरुवारी, दुपारी तीन वाजता, व्हिडिओ कॉलवर. सासूला सांगितलं, इंग्रजीचा क्लास लावलाय. सासू "हं" म्हणाली आणि पावत्या लावत बसली.

मॅडम भल्या होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, हात मोकळे ठेवून बोलवत नसेल तर खुशाल इस्त्री करा, मी ऐकते. चौथ्या गुरुवारी मात्र त्यांनी मध्येच थांबवलं.

"हा निळा शर्ट तुम्ही तिसऱ्यांदा इस्त्री करताय."

सुनेने खाली पाहिलं. खरंच होतं. शर्टावर सुरकुती नावाला नव्हती. तिने इस्त्री उभी केली आणि इतके दिवस दाबून धरलेलं एका दमात बोलून टाकलं. "मॅडम, मला ही पोर जमत नाही. मी नसले तर तिचं भलंच होईल. बॅग भरलीये मी. ती झोपलीये, तोवर आजच निघते."

"कुठे जाणार आहात?"

"ते ठरवलं नाही. कुठेही."

मॅडम पुढे काही बोलणार, तोच हिला आपल्याच बोलण्याची भीती वाटली. तिने कॉल कापला, मोबाइल बंद केला, चिमटीच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, बॅग उचलली आणि जिना उतरायला लागली. जिना दुकानात उतरायचा. दुसरी वाटच नव्हती. सासू कपडे शोधायला मागे गेली की सटकायचं, असं तिने मनाशी ठरवलं होतं.

ती जिन्याच्या मध्यावर आली आणि दुकानाचा फोन वाजला.

"पावती नंबर सांगा," सासूचा आवाज आला. मग, "अहो, पावतीशिवाय मी नाही... कोण? कुठून?" मग ती नुसती ऐकत राहिली. पावतीबाईंनी फोनवर कुणाचं एवढं ऐकून घेतल्याचं सुनेला आठवत नव्हतं. "हो, वरच आहे. नाही, एकटीच आहे. थांबा तुम्ही. ठेवू नका हं फोन."

काउंटरपाशी एक मास्तर कोट न्यायला आले होते. सासू त्यांना म्हणाली, "मास्तर, जरा दुकान बघा."

"मी?" मास्तर म्हणाले. "आणि माझा कोट?"

"घ्या तुमचा तुम्ही. तिसऱ्या दांडीवर आहे."

पावती न बघता! मास्तर आ वासून बघत राहिले. सासू दुखऱ्या गुडघ्यांनी कठड्याला धरून एकेक पायरी चढत आली आणि सुनेसमोर थांबली. बॅगेकडे बघितलं, तोंडाकडे बघितलं. मग "हुश्श" करत तिथेच पायरीवर बसली आणि शेजारची जागा हाताने थोपटली.

सून बसली. बॅग मांडीवर.

"इंग्रजी शिकतेस म्हणालीस," सासू म्हणाली.

सुनेला हसू फुटलं आणि त्याच्या मागोमाग रडू. सासूने ते चालू दिलं. मग समोरच्या भिंतीकडे बघत तिने बोलायला सुरुवात केली.

"तुझा नवरा चार-पाच महिन्यांचा होता. चिमटी निजते त्याच टोपलीत निजवलं त्याला आणि मी कोपऱ्यावरच्या बसथांब्यावर जाऊन बसले. पहिली बस भरलेली होती. दुसरी थांबली, पण मला उठवेना. ठरवलं, तिसरीत चढायचंच. ती आलीच नाही. बंद पडली होती म्हणे कुठेतरी. तासभर वाट बघून घरी आले. हा अजून झोपलेलाच. आजतागायत कुणाला सांगितलं नाही मी."

"आई," सून म्हणाली.

"मला कुणी फोन नव्हता केला गं. बस बंद पडली, म्हणून मी राहिले. एवढ्यावर निभावलं सगळं." सासूने नाक पुसलं. "तुझी ती बाई म्हणाली, मला फार सांगता येणार नाही, पण तिला एकटं ठेवू नका, आत्ताच्या आत्ता वर जा. चांगली आहे बाई. जा, अजून फोनवर थांबलीये. मी चिमटीजवळ बसते. आणि ती पिशवी दे इकडे."

सुनेने बॅग दिली. खाली जाऊन फोन कानाला लावला. मास्तरांनी समजूतदारपणे पाठ फिरवून आपला कोट न्याहाळायला घेतला. पलीकडून मॅडम एवढंच म्हणाल्या, "आहात ना?" आणि सुनेचा जीव भांड्यात पडला. हो म्हणताना तिला जाणवलं, गेल्या चार महिन्यांत हे कुणी विचारलंच नव्हतं.

पुढचं काही जादूने झालं नाही. मॅडमनी त्याच आठवड्यात एका डॉक्टरांकडे पाठवलं, त्यांनी औषध सुरू केलं. नवऱ्याला सगळं सांगितलं, तेव्हा तो आधी गोंधळला आणि मग दुपारची फेरी दुसऱ्याकडे सोपवून घरी लवकर यायला लागला. चिमटी रडायची ती रडायचीच. पण आता ती रडायला लागली की खालून हाक यायची, "आण इकडे तिला." आणि पावतीबाईंच्या खांद्यावरून चिमटी गिऱ्हाइकांच्या तोंडावर बोंबलायची. कुणाची कुरकुर करायची टाप नव्हती.

दोन महिन्यांनी, एका गुरुवारी, मॅडमनी अर्ज नव्याने तपासायला घेतला.

"अडचणीच्या वेळचा नंबर तुम्ही दुकानाचा दिलाय," त्या म्हणाल्या. "बदलूया का? कुणाचा तरी स्वतःचा मोबाइल असलेला बरा."

खालून चिमटीचं रडणं येत होतं आणि त्यावर सासूचा आवाज, "पावती दाखवा." सुनेच्या समोर एकच शर्ट होता, आणि तो एकदाच इस्त्री होऊन घडी झाला होता.

"नको मॅडम," ती म्हणाली. "तोच राहू द्या. तो फोन उचलला जातो."