देवराजची अपुरी आरती

१९५७ साली आमच्या बेटावरच्या व्हाकोआ गावातल्या मराठी मंडळाच्या गणपतीचं विसर्जन झालं नाही. मंडळाच्या मते असं काही घडलंच नाही, तेव्हा आपणही ते सोडून देऊ आणि देवराजच्या सॅक्सोफोनकडे वळू.

देवराज नाचाच्या हॉलांत वाजवायचा, पण जीव सगळा बीबॉपवर. हे जाझ इतकं वेगवान, की त्यावर नाचायला गेलेल्याचा पाय मुरगळावा. तो ते एकाच तबकडीवरून शिकला. एका इंग्रज खलाशानं ती आंब्याच्या लोणच्याच्या बदल्यात दिली होती. आधी मूळ चाल, मग वादक ती सोडून मनाला येईल तिकडे भटकतो, शेवटी चालीवर परततो. हे परतणं मात्र देवराजनं कधी ऐकलंच नव्हतं. तबकडीला शेवटाकडे चरा होता, सुई तिथून निसटायची.

हॉलवाले म्हणायचे, "हळू वाजव, लोक नाचायला आलेत." म्हणून त्यानं मंडळाचे अध्यक्ष बलरामकाका यांना गळ घातली, विसर्जनाच्या आरतीला वाजवू द्या. एकदा तरी कुणी आपल्याला उठून न जाता ऐकावं, एवढीच त्याची हौस.

चाल सगळ्यांना ओळखू आली. कुंतीमावशी ताट ओवाळू लागल्या. मग देवराज भटकायला निघाला. आरती चालू असताना ताट खाली ठेवता येत नाही, आणि बसायचं तर नावच नको.

"आयो देवराज, परत ये रे!" मावशी हात बदलत ओरडल्या.

त्यानं क्षणभर वाद्य तोंडातून काढलं. "येतोय मावशी, वाट शोधतोय."

"गेलास त्याच वाटेनं ये की, मेल्या!"

कापूर संपला. शेवटी बलरामकाकांनी वाद्य हिसकावलं, तेव्हा भटजी खाकरले. "झाली का पंचाईत! अर्धवट आरतीवर देवाला निरोप देता येत नाही. ज्यानं धरली त्यानंच संपवायची."

काकांनी वाद्य मुकाट्यानं परत दिलं.

"सुरुवातीपासून घ्यावं लागेल," देवराज म्हणाला, आणि पुन्हा हरवला.

तेव्हापासून दरवर्षी नवा गणपती नदीत जातो, जुना मंडळाच्या हॉलमध्येच राहतो, आणि त्याची आरती पुन्हा धरणाऱ्या देवराजसमोर सगळे हात जोडून उभे असतात. मध्यंतरी मंडळातल्या प्रेमनं बो बासें गावाहून तीच तबकडी आणून दिली, अगदी धड. देवराजनं आभार मानले आणि ती न ऐकताच खाटेखाली सारली.

मागच्या वर्षी, १९६८ला, आमचं बेट स्वतंत्र देश झालं. यंदाच्या सभेत ठराव एकमतानं मंजूर झाला: "श्री. देवराज यांना मंडळातर्फे सविनय विनंती करण्यात येते की, त्यांनी आपल्या सोयीनुसार, परंतु पुढील विसर्जनापूर्वी, मूळ चालीवर परत यावे."