दलदलीतली एकटी

माणसं टाळायची कला मीनाबाई आहेरांना चांगलीच साधली होती. नाशिकच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या. स्टाफरूममधली डबापार्टी असो की कुणाची वास्तुशांत, बाईंचं उत्तर ठरलेलं, "बघते, जमलं तर." ते कधीच जमायचं नाही. पिंपळगावच्या धाकट्या बहिणीनं लेकीच्या लग्नाला किती विनवून बोलावलं, तर बाईंनी पेपर तपासणीचं निमित्त पुढे केलं. लोकही शहाणे असतात. दोनदा विचारतात, तिसऱ्यांदा विचारत नाहीत. आता कुणीच विचारत नव्हतं. रविवारी घर खायला उठायचं, पण ते सांगायचं कुणाला?

सोबत होती ती डायाटमची. डायाटम म्हणजे पाण्यात राहणारा एकाच पेशीचा जीव, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, अंगावर काचेचं कवच ल्यालेला. त्या कवचावरच्या बारीक रेघा बघून जात ओळखायची. पेठच्या पुढे डोंगरावर एक पाणथळ आहे. गवत आणि शेवाळ वर्षानुवर्षं कुजून तिथे काळा, मऊ थर साचलाय आणि त्यात लहान लहान डबकी. पावसाळा सरताना तिथून आणलेल्या बाटलीत बाईंना संत्र्याच्या फोडीसारखं एक कवच दिसलं. जगभरचे संदर्भ धुंडाळले, ते कुठेच सापडेना. म्हणजे जात नवी! "सापडली!" असं बाई घरात एकट्याच ओरडल्या. उत्तरादाखल कुकरनं तेवढी शिट्टी दिली.

पेपर लिहायला घेतला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहावं तिथे कवच आपलं एकेकटं पडलेलं. बाईंनी ठणकावून लिहिलं, 'पेशी एकेकट्या राहतात,' आणि लॅटिनमध्ये 'एकटी' असा अर्थ होईल असं नाव ठेवलं. ते टाइप करताना त्यांना फार बरं वाटलं. आपल्या जातीचं कुणीतरी भेटलं म्हणायचं.

पेपर परदेशातल्या शोधपत्रिकेकडे पाठवला. तिथल्या परीक्षकाचं उत्तर आलं. रेघा, मापं, चित्रं, सगळं पसंत होतं. प्रश्न एकच होता, 'ह्या पेशी तुम्ही जिवंत पाहिल्या आहेत का? नाहीतर हे नाव मान्य करता येणार नाही.'

"ह्याला काय करायच्यात नसत्या चौकशा!" बाई भडकल्या. पण जिवंत पाहिल्या नव्हत्या हे खरंच होतं. डायाटमवाल्यांची रीत अशी की आणलेलं निम्मं पाणी तसंच ठेवायचं आणि निम्मं ॲसिडात उकळायचं. उकळलं की आतला जीव आणि घाण जळून जाते, कवच लख्ख उरतं. पण त्या बाटलीत काळा गाळच इतका होता की बाईंनी वैतागून अख्खी बाटली उकळून टाकली होती. जिवंत थेंब उरलाच नव्हता.

एप्रिल चालू होता. डबकी आटली असली तर नव्या पावसापर्यंत थांबा, आणि तोवर उत्तराची मुदत संपून पेपर बुडाला. बाईंनी रविवारी सकाळी पेठची एसटी धरली. पाणथळीखालच्या पाड्यावर चिमणाबाई राहायच्या. मागच्या खेपेला वाट त्यांनीच दाखवली होती.

"एकलीच आलीस, मॅडम?"

"एकटीच. वर पाणी आहे का?"

"पानी कुठलं आता! सारं सुकलं. चल, बघ तरी."

वर भेगाच भेगा पडल्या होत्या. बाईंचा धीर सुटला. तरी त्या गुडघ्यावर बसल्या आणि एका भेगेत हात घातला. कोपरापर्यंत गेल्यावर बोटांना गार लागलं. मूठभर शेवाळ उपटून त्यांनी पिळलं, तर चहाच्या रंगाचे चार थेंब पडले. मग किती वेळ त्या पिळतच राहिल्या.

"तुज्या घरी कोन कोन हाय?" चिमणाबाईंनी विचारलं.

"कोणी नाही."

"असं," म्हणून चिमणाबाई बाटली धरायला पुढे सरकल्या.

संध्याकाळी वॉचमनकडून चावी घेऊन बाईंनी प्रयोगशाळा उघडली. थेंब काचेवर ठेवला आणि डोळा लावला.

संत्र्याच्या फोडी होत्या, आणि जिवंत होत्या. आत सोनेरी तपकिरी रंग भरलेला. पण एकटी एकही नव्हती. कवचाला कवच चिकटवून वीस-वीस, तीस-तीस जणींची लांब पट्टी झाली होती. काचेला धक्का दिला तर पट्टी वाकली, पण तुटली नाही. दुसऱ्या थेंबात तेच, तिसऱ्यातही तेच. त्या कधी एकट्या नव्हत्याच. ॲसिडात साखळ्या सुटल्या होत्या, आणि ॲसिड ओतलं होतं बाईंनी.

त्यांनी कॉम्प्युटर उघडून आवडतं नाव खोडलं, 'एकेकट्या राहतात' हेही खोडलं. परीक्षकाला चूक कशी झाली ते सांगणं भाग होतं. त्यांनी लिहिलं, 'जिवंतपणी ह्या पेशी साखळीनंच राहतात. दिसलेलं एकटेपण मुळातलं नाही. ते आम्ही केलेल्या प्रक्रियेमुळे आलेलं आहे.'

वाक्यात चूक काही नव्हती. बाईंनी ते पुन्हा एकदा वाचलं आणि त्यांना रडू कोसळलं. प्रयोगशाळेत दुसरं कुणी नव्हतं, त्यामुळे ते आवरायचंही काही कारण नव्हतं.