मक्याच्या दाण्यांचं पिवळं फडकं

त्या रविवारी कॅझिमिर नोवित्स्कींनी पिवळं फडकं तीनदा टीव्हीवर फेकलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये नियम मोडला गेला की मैदानावरचे पंच पिवळा रुमाल टाकतात. पंचांना जे दिसत नाही ते आपणच दाखवावं, म्हणून कॅझिमिरांच्या बायकोनं, हेलननं, हे फडकं शिवून दिलं होतं. नेम नीट लागावा म्हणून त्याच्या एका कोपऱ्यात मक्याचे दाणे भरले होते. हेलन जाऊन नऊ वर्षं झाली. टीव्ही दोनदा बदलला, फडकं तेच राहिलं.

शेवटचं मिनिट चालू होतं. त्यांच्या लाडक्या संघाच्या खेळाडूनं रेषेपलीकडे आडवं झेपावत चेंडू पकडला आणि पंचानं हात हलवले: चेंडू जमिनीला लागला, टचडाउन नाही, म्हणजे गुणही नाहीत. पंचांनी चित्रफीत परत पाहिली, तरी निकाल तोच. या हंगामातला शेवटचा सामना गेला.

"आंधळे! बोटं चेंडूखाली होती!" कॅझिमिर ओरडले. मानेवरची शीर टरारून फुगली होती.

"बाबा, बसा बरं. रक्तदाब वाढेल."

"बर्नडीन, तुझे डोळे चांगले आहेत. तू सांग. लागला का?"

बर्नडीननं जवळून घेतलेलं दृश्य नीट पाहिलं होतं. चेंडूखाली दोन बोटं स्वच्छ दिसत होती. पण दर रविवारी हेच व्हायचं. मग आठवडाभर तेच पुराण, फोनवरसुद्धा. ती कंटाळली होती.

"लागला," ती म्हणाली. "आधी मोतीबिंदू काढून घ्या, मग पंचांना आंधळं म्हणा."

तिनं जमिनीवरचं फडकं उचलून स्वतःच्या कोटाच्या खिशात कोंबलं. त्यांनी ते परत मागितलं नाही. निघताना फक्त म्हणाले, "रस्ता निसरडा आहे, हळू जा."

मंगळवारी सकाळी दारापुढचा बर्फ उपसताना ते पायरीवर बसले, ते उठलेच नाहीत.

बुधवारी सामने भरवणाऱ्या लीगनं पत्रक काढलं. चार ओळींचं. निर्णय चुकला होता. निकाल मात्र बदलणार नाही.

गुरुवारी अंत्यदर्शनाला आलेले निम्मे लोक संघाच्या जर्सीतच होते. शवपेटीपाशी येऊन प्रत्येक जण तिचा हात धरत म्हणे, "कॅझ बरोबर होता बघ." जणू बक्षीसच मिळालं होतं त्यांना. ती मान हलवत राहिली.

झिगी पोलाद कारखान्यातला बाबांचा जुना सोबती. तो सर्वांत शेवटी आला.

"सोमवारी फोन केला होता गं त्यानं. मी पंचांना शिव्या घालतोय, तर मलाच गप्प करतो! म्हणे, 'बर्नडीननं पाहिलंय, लागला होता. माझेच डोळे गेलेत, झिगी.' चाळीस वर्षांत पहिल्यांदा पंचाची बाजू घेतली लेकाच्यानं." झिगीनं शवपेटीच्या कडेवर हात ठेवला. "पत्रक निघेपर्यंत तरी थांबायचं होतं त्यानं."

"हो," ती म्हणाली.

तो बाहेर कॉफीकडे गेला. खोलीत कोणी उरलं नाही. बर्नडीननं खिशातून फडकं काढलं आणि बाबांच्या हाताशी ठेवलं. दाणे किंचित खुळखुळले. पत्रकातल्या त्या चार ओळी तिला पाठ झाल्या होत्या. लीगला आपली चूक निदान लिहिता तरी आली.

"बाबा," ती मोठ्यानं म्हणाली, "चेंडू जमिनीला लागला नव्हता. मी पाहिलं होतं. तेव्हाच पाहिलं होतं."