सरांच्या हातातला तारा

हॉलमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. खुर्चीतल्या बाईच्या गळ्यापाशी सरांनी डावा हात नेला आणि टेबलावरचं किरण मोजायचं यंत्र असं कडाडलं, की मागचे लोक ताडकन उभे राहिले. पडद्यावर एक रेघ सर्रकन वर चढली.

"बघा! फुटलेल्या ताऱ्यातलं ॲल्युमिनियम! अंतराळात लाखो वर्षं भटकून माझ्या हातातून उतरतंय. गाठ विरघळणार म्हणजे विरघळणार!"

विरघळणार म्हणे! जणू चहातली साखरच.

गर्दीत सरांची एक जुनी विद्यार्थिनी उभी होती, घरातली धाकटी; खुर्चीतली बाई म्हणजे तिची सख्खी ताई. डॉक्टरांनी गळ्याच्या गाठीचं ऑपरेशन सांगितलं होतं आणि ताईनं चक्क नाही म्हणून कळवलं होतं. "तुझेच सर ना गं? मग मी कशाला घाबरू?" अंतराळातले गॅमा किरण मोजायला धाकटीला याच सरांनी शिकवलं होतं. त्याच विद्येवर तिची नोकरी चालली होती.

ती पुढे झाली आणि पडद्यावरच्या रेघेखालचा आकडा तिनं वाचला. ॲल्युमिनियमची रेघ याच्या जवळजवळ तिप्पट आकड्यावर उमटते. ही सीझियम या किरणोत्सारी धातूची होती, यंत्र तपासायला प्रयोगशाळेत ठेवतात त्या चकतीची. आणि ती चढत होती फक्त सरांचा घड्याळ घातलेला हात जवळ आला की.

"सर, घड्याळ काढता?"

"बाळ, इथे नको," सर हळूच म्हणाले.

"इथेच."

"काढा की सर, त्यात काय एवढं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

सरांनी नाइलाजानं घड्याळ काढलं. तिनं ते यंत्राजवळ नेलं. कडकडाट! घड्याळ दूर ठेवून सरांचा रिकामा हात यंत्राजवळ धरला, तर यंत्र जेमतेम टकटक करत राहिलं. घड्याळाच्या पाठीला शर्टाच्या बटणाएवढी चकती चिकटवलेली होती.

"ताऱ्यांचे हे किरण वरच्या हवेतच अडतात," ती लोकांना म्हणाली. "म्हणून तर आम्ही यंत्रं फुग्याला बांधून, उपग्रहात बसवून वर पाठवतो. या खोलीत ते येतीलच कसे? हे मला सरांनीच शिकवलंय."

"अगं, लोकांना बरं वाटत होतं," सर पुटपुटले.

"ताईची गाठ वाढत होती, सर! तिनं माझ्याकडे बघून तुमच्यावर भरवसा टाकला. तुम्ही असं कराल?" तिला रडू आवरेना.

ताई खुर्चीतून उठली. "डॉक्टरांना फोन लाव गं. ऑपरेशनची तारीख घेऊ."

लोकहो, यंत्र वाजलं म्हणून हात जोडू नका. ते काय मोजतंय ते विचारा, सांगणारा कितीही आपला असो. धाकटीनं विचारलं. तिनं सर गमावले, पण ऑपरेशन झालं आणि ताई वाचली.