कपारीतला लाल उजेड

माझा नवरा विलितामा उंगा धरायला किनाऱ्यालगतच्या रानात गेला, तेव्हा त्याच्या कपाळावरच्या दिव्याला लाल कागद गुंडाळलेला होता. उंगा म्हणजे नारळ फोडून खाणारे थोराड खेकडे. ते रात्रीच बाहेर पडतात. कागद गुंडाळला होता माझ्या नणंदेनं, मोकालेईनं. ती पाहुण्यांना ताऱ्यांचे फोटो काढायला शिकवते. "दादा, तुझ्या पांढऱ्या झोतानं माझं आख्खं आभाळ वाया जातं," असं म्हणून तिनंच तो बांधला. धाकट्या बहिणीपुढे त्याचं कधी काही चाललं नाही.

मध्यरात्र उलटली तरी तो परतला नाही. मी गाव उठवलं.

आमच्या बेटाचा किनारा म्हणजे पोवळ्याचे सुळे आणि मधेमधे खोल कपारी. भरतीला त्यांत खालून पाणी चढतं, आणि भरती लागली होती. माणसं दिवे घेऊन हाका मारत होती. लाटांच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं.

एवढ्यात मोकालेई कॅमेरा लावलेलं तिकाटणं खांद्यावर टाकून पळत आली. "सगळे दिवे बंद करा!"

"डोकं फिरलंय का तुझं?" मी ओरडले. "आत्ता फोटो सुचतायत?"

"वहिनी, त्याचा दिवा चालू असेल तर–"

"तो तूच झाकलास ना!"

ती हळू म्हणाली, "म्हणूनच. एवढ्या झगमगाटात तो कुणालाच दिसायचा नाही. अंधार झाला तर कॅमेऱ्याला दिसेल."

पोंगीकाका शोधाचे पुढारी. ते म्हणाले, "अंधारात आपलीच माणसं पडतील गं."

"जिथं आहेत तिथंच बसू दे. हलायचं नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. नवरा माझा होता. पायाखाली कुठंतरी पाणी धडका देत होतं.

"विझवा," मी म्हणाले.

एकेक दिवा गेला. तिनं कॅमेरा सुळ्यांकडे रोखला, कळ दाबली आणि कॅमेरा अर्धा मिनिट उजेड गोळा करेपर्यंत आम्ही न हलता बसलो. मग पडद्याचा उजेड बाहेर जाऊ नये म्हणून जाकीट डोक्यावर ओढून तिनं मलाही आत घेतलं. पडद्यावर तारेच तारे, खाली काळे सुळे. बाकी काही नाही.

दुसऱ्या फोटोत तांबडा ठिपका आला. "तोच!" मी म्हणाले.

"कोण सिगारेट ओढतंय?" मोकालेई कडाडली. "विझव आधी!"

तिसऱ्यांदा तिनं कॅमेरा दक्षिणेला वळवला. मला काही दिसेना. तिनं बोट ठेवलं. केवड्याच्या पानांची खालची बाजू किंचित तांबूस होती.

"वाळलेलं पान असेल," मी म्हणाले. तो त्याचाच उजेड असावा असं वाटत होतं, पण तसं मानायचा धीर होत नव्हता.

"थांब." तिनं पुन्हा कळ दाबली.

या वेळी तांबूसपणा त्या पानावर नव्हता. शेजारच्या पानावर सरकला होता.

"मान हलवतोय," ती कुजबुजली. "वहिनी, तो मान हलवतोय!"

मग दिवे लागले, दोर आले, माणसं केवड्याकडे धावली. कपार इतकी अरुंद की दिवसाही लक्षात आली नसती. काकांनी आत झोत मारला तसा खालून घोगरा आवाज आला, "डोळ्यांत कशाला मारता! दोर टाका, दोर! पाणी छातीशी आलंय!"

गुडघा मोडला होता, ओरडून ओरडून घसा बसला होता. चौघांनी त्याला वर ओढलं, तेव्हा त्यानं आधी मला शोधलं आणि मग तिला.

मोकालेई तिकाटणं घट्ट धरून उभी होती. बोटं सुटेनात, मीच एकेक सोडवलं. तिच्यावरचा माझा राग गेला नव्हता. आजही सगळा गेलाय असं म्हणणार नाही. पण दवाखान्याची गाडी आली तेव्हा ती मागेच उभी राहिली, आपल्याला कोण बोलावणार अशा तोंडानं.

"चढ की," मी म्हटलं. "त्याचं डोकं तू मांडीवर घे, पाय मी धरते."