कमिटीचा सोनेरी रंग

रंग अजून ओला होता. शकुनताईंनी कॉम्प्युटरच्या कॅबिनेटवर ठेवलेला हात सोडवला तेव्हा तळवा ओढल्यासारखा झाला. हात उलटा करून त्यांनी पाहिलं. पाचही बोटं सोनेरी.

"ओला हाय मॅडम, हात नोका लावू," मागून महादेवराव शिपाई म्हणाले. सांगायला त्यांना जरा उशीरच झाला होता.

अकोल्याच्या त्या कॉलेजात दोन दिवसांपासून रंगच चालला होता. अकरा वाजता तपासणीची कमिटी येणार होती. फाटकापासून ऑफिसपर्यंत कडुनिंबांच्या बुंध्यांना गेरू आणि चुन्याचे पट्टे, कुंड्यांना गेरू, पाण्याच्या टाकीला निळा. कमिटी यायची म्हटली की जे जे जागचं हलत नाही त्याला रंग द्यायचा, ही आपल्याकडची रीत. शकुन खंडारे यांनी अमरावतीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून चौतीस वर्षं काढली होती. कमिटीसाठी त्यांनीही कपाटांना वॉर्निश मारलं होतं. पण कॉम्प्युटर रंगवलेला त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. पडद्याची काच तेवढी सोडली होती. फ्लॉपीची फट बुजली होती, मागची हवेची भोकं बुजली होती, की-बोर्डवर एक अक्षर उरलं नव्हतं.

हा कॉम्प्युटर त्यांचा होता. एकोणीसशे त्र्याण्णवचा, त्यांच्या प्रयोगशाळेत आलेला पहिला. कॉलेजनं तो मोडीत काढला तेव्हा त्यांनी लिलावात घेतला आणि रिक्षात मांडीवर धरून घरी आणला. तेव्हापासून काठोरा नाक्याजवळच्या त्यांच्या घरात अशी नऊ यंत्रं जमली होती. नऊही चालत. त्यासाठी काय करावं लागतं हे घरातल्यांना ठाऊक होतं, पण पटत नव्हतं. आणलेल्या यंत्राची आधी बॅटरी कापायची, कारण जुनी बॅटरी पाझरते आणि सर्किटच्या तांब्याच्या रेघा खाऊन टाकते. हिरवट बुरशीसारखा तो क्षार सौम्य ॲसिडनं पुसायचा, मग स्पिरिटनं. या यंत्राची मेमरी त्यांनी चारपट केली होती. मेलेल्या हार्डडिस्कच्या जागी कॅमेऱ्याचं कार्ड बसवलं होतं. पिवळी पडलेली प्लॅस्टिकची बाजू पेरॉक्साइड लावून मे महिन्याच्या उन्हात गच्चीवर ठेवली होती, दर वीस मिनिटांनी फिरवत, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन. यंत्रांच्या खोलीत कूलर लावायचा नाही, दमट हवा लागते म्हणून. शेहेचाळीस डिग्रीत घर कूलरपुढे बसे आणि शकुनताई त्या खोलीत घामानं निथळत स्क्रू फिरवत.

नितेश त्यांचा जुना विद्यार्थी. पहिला प्रोग्राम त्यानं याच यंत्रावर लिहिला होता. आता तो अकोल्यात प्राध्यापक होता. जूनमध्ये तो पेढे घेऊन घरी आला. कॉलेजात संगणकाच्या इतिहासाचं दालन करायचं आहे, सहा महिन्यांसाठी एक यंत्र द्या, म्हणाला. त्यांनी दोनच अटी घातल्या होत्या. दर पंधरा दिवसांनी मी येऊन अर्धा तास चालवीन, आणि माझ्याशिवाय कोणी उघडायचं नाही. नितेशनं दोन्ही मान्य केल्या होत्या, पाया पडून. मागची एक खेप नवऱ्याच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे चुकली. एकच.

थिनरच्या वासानं त्यांचं डोकं जड झालं होतं. त्यांनी बोटाच्या पेरानं कॅबिनेटच्या कडेवर टिचकी मारली. तेलाच्या रिकाम्या डब्यासारखा आवाज आला. मग एक कोपरा त्यांनी दोन बोटांनी उचलून पाहिला. उचलला गेला. अकरा किलोचं यंत्र होतं ते.

"महादेवराव, याच्या आतलं कुठं हाय?"

महादेवरावांनी ब्रश डब्यात बुडवून ठेवला. ते काही वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरळ सांगितलं. काचेची फळी वजनानं वाकत होती. नितेशसरांनी आतलं काढायला सांगितलं. काढलेलं दोन दिवस जिन्याखाली पडलं होतं, मग साफसफाईत भंगारात गेलं. भंगारवाल्यानं ती चौकोनी चिप लगेच उपटून खिशात घातली. जुन्या चिपीत सोनं असते म्हणे, तेजाबात टाकून काढतात.

"आतलं सोनं तो घेऊन गेला," महादेवराव स्वतःशीच हसत म्हणाले, "आमी बाहेरून लावलं."

शकुनताई हसल्या नाहीत. यंत्रांच्या पोटात त्यांनी काय काय पाहिलं होतं. उंदरांचं मूत, पालीची वाळकी अंडी, झुरळांचा भुगा, एकदा तर पंख्यात सुकलेली गुटख्याची पिचकारी. नाक न दाबता त्यांनी ते सगळं पुसलं होतं. घाण ही घाण असते, स्पिरिटनं निघते. आज मात्र त्यांनी सोनेरी हात अंगापासून लांब धरला. इथं घाण कुठेच नव्हती. फरशीवर फिनाइल होतं, काचेवर झेंडूची माळ होती.

नितेश लगबगीनं आला. गळ्यात ओळखपत्र, अंगात कोट. त्यांचा हात पाहून त्यांना सगळं कळल्याचं त्याच्या लक्षात आलं. चूक झाली, असं तो म्हणाला. पण लगेच पुढे म्हणाला की तसा सर्किट बोर्ड आपण ऑनलाइन मागवून घेऊ, तसले हजारो मिळतात. शकुनताईंनी विचारलं, त्या बोर्डावरच्या सतरा तुटक्या रेघा मी भिंगाखाली बारीक तारेनं जोडल्या होत्या, तशाही ऑनलाइन मिळतात का. त्यानं घड्याळाकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात बोलला.

"मॅडम, कमिटी येऊन राहिली. तुमी फक्त बाजूले उभ्या राहा. चालते का म्हनून विचारलं तर आज लाइन नाही म्हना. आतमधी कोन पाहते?"

"तू पाहत होता," शकुनताई म्हणाल्या. "झाकन उघडलं का तूच पयले डोकं घालत होता."

तेवढ्यात बाहेर गाड्यांची दारं वाजली.

कमिटीचे अध्यक्ष सावकाश दालनात आले. पिकलेले केस, खिशाला दोन पेनं. मागे प्राचार्य, त्यांच्या मागे फोटोवाला. नितेश इंग्रजीत काहीतरी भराभर सांगू लागला. अध्यक्षांनी चष्मा वर करून सोनेरी यंत्र पाहिलं आणि ही बाई कोण, असं विचारलं. ज्यांनी यंत्र जतन केलं त्या याच, असं प्राचार्यांनी सांगितलं. अध्यक्षांचा चेहरा खरोखर उजळला.

"वा. अजून चालतो का हो हा?"

नितेश शकुनताईंकडे पाहत होता. त्यांच्या हातातल्या पिशवीत लहान ब्रश होता, स्पिरिटची बाटली होती, नवी बॅटरी होती. आज अर्धा तास चालवायचं म्हणून सकाळी सहाच्या बसनं त्या निघाल्या होत्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "आत काही नाही याच्या. इथल्यांनी काढून भंगारात दिलं. हा डबा आहे."

अध्यक्षांनी मान डोलावली, दोनदा, फार समजल्यासारखी. "पण बाहेरून किती छान ठेवलाय," ते म्हणाले आणि कौतुकानं त्यांनी कॅबिनेटवर थाप मारली.

मग एकदमच धावपळ झाली. अध्यक्षांचा हात सोनेरी झाला होता. प्राचार्य नितेशवर खेकसले, नितेश महादेवरावांवर. थिनर आलं, कापूस आला, कोणाचा तरी रुमाल आला. अध्यक्ष पंजा पसरून उभे राहिले आणि चार माणसं त्यांची बोटं एकेक करून पुसू लागली. पुसणं झाल्यावर सगळे चहाला गेले. अहवालात या दालनाबद्दल काय लिहायचं ते चालता चालताच ठरत होतं, आणि ते चांगलं होतं.

नितेश दारातून परतला. मी संध्याकाळी कॅबिनेट स्वतः गाडीनं घरी पोचवतो, असं तो म्हणाला. त्याचे डोळे ओले होते की थिनरनं चुरचुरत होते, ते शकुनताईंना कळलं नाही. कळावं असंही वाटलं नाही.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "हे तुमचंच हाय आता."

थिनरची बाटली चहाच्या खोलीकडे गेली होती. त्या तशाच निघाल्या.

अमरावतीच्या बसमध्ये शकुनताईंच्या शेजारी, खिडकीशी एक बाई बसली होती, मांडीवर वांग्यांची थैली घेऊन. मूर्तिजापूर येईस्तोवर ती त्यांचा हात पाहत राहिली. मग तिनं हाताकडे बोट केलं.

"लग्नघरून येऊन राहिल्या काय ताई? हाताले सोनेरी लागलं."

"नाही. मयतीवरून."

बाईनं थैली जवळ ओढली. मग हळूच विचारलं, "जवळचं होतं काय कोनी?"

"तीस वर्षांची वळख होती."

बाई उठली, थैली काखेत धरून दांड्याला टेकून उभी राहिली, आणि खिडकीची जागा तिनं शकुनताईंना दिली.