बसव्वाची सूचना

मित्रांनो, मी सोलापूरचा एक जुना सूचनाफळा आहे. गिरणीची यंत्रे ज्या खोक्यांतून बोटीने आली, त्या खोक्यांच्या फळ्या जोडून ईरप्पा सुताराने मला घडवले. काजळी आणि सरस एकत्र शिजवून त्याने मला काळ्या रंगाचे तीन हात दिले, दोन दिवस उन्हात वाळवले आणि १९३१ साली कामकरी विद्यालयाच्या फाटकाशी उभे केले.

हे विद्यालय म्हणजे गिरणीतून सुटल्यावर शिकायला येणाऱ्या मोठ्या माणसांची शाळा. कोणी सुतारकाम शिके, कोणी इंग्रजी, कोणी नुसती सही. आवारातली प्रत्येक बातमी आधी माझ्यावर उमटे. 'शिवणाचा वर्ग मंगळवारी नाही.' 'पटकीची लस टोचायला डॉक्टर गुरुवारी येतील.' 'एक छत्री सापडली आहे, मूठ पितळी.' त्या छत्रीला पाच मालक आले! मी तेव्हा भलताच मिजाशीत होतो.

माझ्यावर सूचना लिहीत त्या अनसूयाबाई. बायकांचा वाचनलेखनाचा वर्ग त्याच चालवीत. मजकूर मात्र आधी सेक्रेटरी वेणीमाधवरावांना दाखवावा लागे. वेणीमाधवराव माणूस वाईट नव्हता, पण ऱ्हस्वदीर्घाची एक चूक दिसली की त्यांचा दिवस खराब होई. बाईंखेरीज कोणी खडूला हात लावायचा नाही, असा त्यांचा सक्त हुकूम होता.

त्या वर्गात बसव्वा येई. ती गिरणीत सूत गुंडाळण्याच्या खात्यात कामाला होती. घरची भाषा कानडी, मराठी गिरणीत शिकलेली. वर्गाला जाताना ती माझ्यापुढे थांबे आणि एकेका अक्षराखाली बोट धरी. पहिल्या वर्षी तिला फक्त 'ब' सापडे, कारण तो तिच्या नावात होता. तो सापडला की ती असे हसे, जणू गर्दीत माहेरचे माणूस भेटले!

तीन वर्षांत माझा रंग उडाला. खडू नीट धरेना. "रंग देऊन उपयोग काय?" वेणीमाधवराव एकदा माझ्यासमोरच म्हणाले. "निम्म्या लोकांना वाचताच येत नाही. बायका तर नुसत्या बघून जातात." मी लाकडाचा, बोलणार काय?

१९३४ च्या फाल्गुनात शाळाखात्याचे पत्र आले. शाळा तपासणारे डिपुटीसाहेब सोमवारी संध्याकाळी बायकांचा वर्ग पाहणार होते. निदान तीस बायका हजर असल्या आणि त्यांना वाचता आले, तर वर्ग राहणार. नाहीतर तो बंद करून ती खोली सुतारकामाचे लाकूड ठेवायला द्यायची, असे ठरले होते. अनसूयाबाईंनी सोमवारची सूचना माझ्यावर ठळक लिहिली आणि बहिणीच्या बाळंतपणासाठी दोन दिवस कुर्डुवाडीला गेल्या. वेणीमाधवराव सांगोल्याला लग्नाला गेले.

आणि शनिवारी दुपारी पोस्टमनने एक कार्ड फाटकात टाकले.

शिपाई मडिवाळप्पाने ते उलटसुलट करून पाहिले. त्याला अक्षर येत नव्हते. तेवढ्यात गिरणीच्या दुपारच्या सुट्टीत बसव्वा पाणी प्यायला आली.

"अक्का, बघ की जरा. सरकारी दिसतंय."

नशीब, कार्ड मोडीत नव्हते, बाळबोधीत होते. बसव्वाने एकेक अक्षर जुळवले. वाचता वाचता तिचा चेहरा उतरला. "अण्णा, सायेब सोमवारी न्हाई येत. उद्या येनार. सकाळी आठ वाजता!"

"उद्या तर ऐतवार! बाया कपडे धुवायला जातील, बाजारला जातील. आन् आज वर्ग न्हाई. सांगायचं कुनी?"

वर्गातल्या बायका तीन गिरण्यांतून येत. कोण कुठल्या पेठेत राहते, ते मडिवाळप्पाला ठाऊक नव्हते. पण संध्याकाळी भोंगा झाला की बहुतेकींची वाट माझ्यासमोरूनच जाई. बसव्वाने माझ्याकडे पाहिले.

"खडू आन."

"नको गं! सेक्रेटरीसायेब मला काढून टाकतील."

"माझं नाव सांग. म्हणावं, बसव्वानं लिवलं. वर्गच गेला तर त्या हुकमाला काय करायचं?"

मित्रांनो, तोवर तिने पाटीवरच लिहिले होते. पदराने तिने जुनी सूचना पुसली. माझ्या गुळगुळीत अंगावरून खडू घसरत होता, म्हणून ती प्रत्येक अक्षर दोनदा गिरवत होती. ओळ चढावर गेली, मग उतारावर आली. शेवटी मजकूर झाला :

'सायब उद्या आयतवारी सकाळी आट वाजता येनार. सगळ्यानी या. वरग वाचवा. बसव्वा.'

गिरणीचा भोंगा वाजला आणि ती धावत सुटली.

संध्याकाळी बायकांचे घोळके आले. काही तशाच पुढे गेल्या. मग गौरम्मा नावाची एक विणकरीण थांबली. तिने ओठ हलवत पहिली ओळ वाचली आणि मोठ्याने ओरडली, "अगं थांबा, उद्याच हाय!" पुढे गेलेल्या मागे फिरल्या. मडिवाळप्पा सांगायला पुढे झाला, तर त्या म्हणाल्या, "तू गप. आमी वाचतो की!" त्या दोघीदोघी, तिघीतिघी माझ्यासमोर उभ्या राहून वाचत होत्या. इतकी माणसे इतका वेळ माझ्यासमोर कधीच थांबली नव्हती.

रविवारी पावणेआठला फक्त अकरा जणी होत्या. साहेबांचा टांगा आला तेव्हा सतरा. साहेब खाली उतरले, घड्याळ पाहिले आणि विचारले, "शिक्षिका कुठे आहेत?"

बसव्वा पुढे झाली. "बाई गावाला गेल्यात. आमी हाय की!"

साहेब माझ्यासमोर उभे राहिले आणि सूचना वाचू लागले. तोवर रस्त्याच्या वळणावरून बायका येतच होत्या. कोणाच्या कडेवर मूल, कोणाच्या डोक्यावर धुण्याचे गाठोडे. मडिवाळप्पा बोटांवर मोजत होता. एकतीस... चौतीस... अडतीस!

तेवढ्यात सांगोल्याच्या सर्व्हिस मोटारीतून उतरलेले वेणीमाधवराव धापा टाकत आत आले. माझ्यावरचे 'आट' आणि 'येनार' पाहून त्यांना घाम फुटला. "साहेब, क्षमा असावी," म्हणत त्यांनी पुसायला फडके उचलले.

"थांबा," साहेब म्हणाले. मग बायकांकडे वळून त्यांनी विचारले, "तुम्हाला ही वेळ कोणी सांगितली?"

"कुनी न्हाई," गौरम्मा म्हणाली. "आमचं आमी वाचलं."

साहेबांनी खडू घेतला आणि बसव्वाच्या मजकुराखाली स्वतः एक ओळ लिहिली. "हे वाचा," ते गौरम्माला म्हणाले.

गौरम्माने बोट धरले. "हा... व... वर्ग... पु-ढे... पुढे... चा-लू..." ती तिथे अडली. पण मागच्या बायकांनी ओळ केव्हाच पुरी केली होती. अडतीस जणी एका आवाजात ओरडल्या, "हा वर्ग पुढे चालू राहील!"

त्या दिवशी फाटकाशी जो जल्लोष झाला, तो रस्त्यापलीकडच्या चहावाल्यानेही पाहिला. त्याने दुकान सोडून कारण विचारले, तर बायका म्हणाल्या, "फळ्यावर लिवलंय, वाच!" मग वेणीमाधवरावांनी बसव्वाला हात जोडले आणि म्हणाले, "बाई, आठमधला ठ तेवढा मी शिकवीन. बाकी तुम्ही आम्हालाच शिकवलंत." त्याच आठवड्यात मला नवा रंग मिळाला आणि माझा उजवा अर्धा भाग बायकांच्या स्वाधीन झाला. पुढे कितीतरी वर्षे त्यावर त्यांनीच आपल्या बातम्या लिहिल्या.

आता मला वाळवी लागली आहे. माझी तक्रार नाही. पण मित्रांनो, तुमच्याही शाळेच्या दाराशी एखादा फळा असेल. त्याला उन्हापावसापासून जपा, वर्षातून एकदा रंग द्या. आणि त्याच्यावर कोणी चुकतमाकत काही लिहिले असेल तर हसू नका. आधी ते शेवटपर्यंत वाचा.